उपवास या शब्दाचं माहेर



चातुर्मास लागला की आपल्या नंदुरबारात एकच वाक्य निरनिराळ्या बोलींत कानावर पडतं. शेजारच्या पाटीलकाकू अहिराणीत म्हणतात, "आज मना उपास शे." स्थानकात भेटणारी गुजराती बहीण म्हणते, "आजे मारे उपवास छे." घरात सासूबाई मारवाडीत म्हणतात, "आज म्हारे उपवास है." भाजीबाजारातली ओळखीची मावशी एखाद्या दिवशी नुसतंच म्हणते, "सकाळपासून उपाशीच आहे ताई." शब्द एकाच घराण्यातले वाटतात, पण चौघींच्या पोटातलं मात्र एकसारखं नसतं. काकूंनी साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असते. गुजराती बहीण आणि सासूबाई उकळून गार केलेल्या पाण्यावर असतात, तेही सूर्यास्तापर्यंतच. मावशीने काहीच खाल्लेलं नसतं आणि तिने कसलं पच्चक्खाणही घेतलेलं नसतं.

या शब्दाचा मागोवा घ्यावा असं बरेच दिवस मनात होतं, त्याला आणखी एक कारण आहे. दर पर्युषणात कुणीतरी बहीण हळूच येऊन सांगते, "डॉक्टरांनी मनाई केली, साखर आहे, यंदा एकही उपवास झाला नाही. माझं पर्युषण वायाच गेलं." नुकतीच बाळंतीण झालेली सून सांगते, गोळ्या चालू असलेली आत्या सांगते. त्यांच्या बोलण्यात उपवास म्हणजे फक्त न खाणं. या शब्दाच्या माहेरी मात्र त्याचा अर्थ वेगळा आहे.

घरी देव मुक्कामाला

उपवास हा शब्द 'उप' आणि 'वस्' या दोन तुकड्यांचा. उप म्हणजे जवळ, वस् म्हणजे राहणं. वस्ती, निवास, वसतिगृह आणि आपल्या जिल्ह्याने फार सोसलेला 'पुनर्वसन' हा शब्द, सगळे याच धातूचे. म्हणजे उपवास या शब्दात भूक नाही, अन्न नाही, पोटही नाही. आहे ते फक्त जवळ राहणं.

मग त्यात न खाणं आलं कुठून? याचं उत्तर वैदिक परंपरेतल्या शतपथ ब्राह्मण या फार जुन्या ग्रंथात, अगदी सुरुवातीलाच आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या यज्ञाच्या आदल्या दिवशी यजमान व्रत घेतो. त्याच्या मनातलं देवांना कळतं आणि उद्याच्या यज्ञासाठी ते आजच त्याच्या घरी येऊन राहतात. देव जवळ राहायला आले म्हणून त्या दिवसाचं नाव 'उपवसथ'. पाहुणे जेवायचे असताना घरच्यांनी आधी जेवणं बरं दिसत नाही, मग पाहुणे देव असतील तर कसं जेवणार? म्हणून खायचं नाही.

मैत्रिणींनो, हे कारण आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. घरात पाहुणे असले की बाई शेवटी जेवते. त्या दिवसाचं मूळ या घरगुती रीतीत आहे. जवळ कुणीतरी मोठं आलेलं आहे ही मुख्य गोष्ट, न खाणं हा तिचा मान.

फराळाचा वाद किती जुना

त्याच ठिकाणी पुढे एक गमतीचा वाद आहे. मुळीच खाल्लं नाही तर ते पितरांचं व्रत होईल आणि खाल्लं तर देवांच्या आधी जेवल्यासारखं होईल, मग करायचं काय? याज्ञवल्क्य तोड काढतात: जे खाल्लं तरी न खाल्ल्यासारखं धरलं जातं ते खावं. म्हणजे ज्याची आहुती देत नाहीत ते, रानात उगवणारं, झाडाचं फळ. तेवढ्यात बर्कु वार्ष्ण नावाचा एक जण म्हणतो, उडदाची आहुती देत नाहीत, तर मला उडीदच शिजवून द्या. ग्रंथ त्याला नाही म्हणतो.

उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही हा स्वयंपाकघरातला वाद इतका जुना आहे. शेजारणींच्या उपासाची भगर या हिशोबात चपखल बसते, कारण ती नांगरटीच्या गहू-ज्वारीसारखी धरली जात नाही. आपल्याकडे सातपुड्यात मोलगी-धडगावच्या डोंगरउतारावर भगर पिकते. तिथल्या घरात ती रोजच्या जेवणातली. तीच खाली नंदुरबार-शहाद्याच्या बाजारात आली की उपासाची होते. धान्य एकच, डोंगरावर त्याने पोट भरतं आणि सपाटीवर ते खाल्लं तरी उपास मोडत नाही.

साबुदाणा आणि बटाटा तर या वादात फार उशिरा आले. बटाटा आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका, दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. समुद्रावरून आलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर ते इथे पोचले. जुन्या यादीत त्यांचं नावच नव्हतं, म्हणून मनाईही नव्हती. आपल्या घरांत मात्र कंदमुळाचा विचार आधीपासून. त्यामुळे शेजारणीच्या उपासाच्या ताटातला बटाटा आणि रताळं आपल्या रोजच्या ताटातही येत नाही. तिला वाटतं, हिचा उपास कडक. आपल्याला वाटतं, हिचा उपास कसला. दोघींचे शब्द एका आईचे, नियम दोन वेगळ्या घरांचे. एकमेकींना हसण्याचं काहीच कारण नाही.

फराळ शब्दाचंही असंच. फलाहार म्हणजे फळांचा आहार, त्याचा झाला फराळ. मराठीत उपासाचा तो फराळ आणि दिवाळीच्या चकल्या-लाडवांचाही फराळच. फळांवरून निघालेला शब्द तुपातल्या लाडवापर्यंत आला आणि कुणाला खटकलंही नाही.

पोसह: प्राकृतात गेलेली लेक

आता आपल्या बाजूला येऊ. त्या 'उपवसथ' शब्दाची लेक पालीत गेली तेव्हा झाली 'उपोसथ', आपल्या प्राकृतात आली तेव्हा 'पोसह'. सुरुवातीचा 'उ' वाटेतच गळाला.

बौद्धांच्या विनयपिटकात सांगितलंय की मगधाचा राजा बिंबिसार याने पाहिलं, इतर पंथांचे परिव्राजक पक्षातल्या अष्टमी, चतुर्दशी आणि पंधराव्या दिवशी एकत्र जमतात, धर्म सांगतात आणि लोक ऐकायला येतात. त्याने बुद्धांना विनंती केली की आपल्या संघानेही तसं करावं. म्हणजे त्या काळात हा दिवस एका कुणाचा नव्हता. निगंठांचा म्हणजे आपल्या परंपरेचा उपोसथ पाली ग्रंथांत वेगळा उल्लेखलेलाही आहे. सम्राट अशोकाच्या स्तंभलेखांतही हे दिवस आहेत, त्या दिवशी मासे मारू वा विकू नयेत अशी आज्ञा आहे.

पुढे ही लेक देशोदेशी नांदायला गेली. श्रीलंकेत सिंहली भाषेत तिचं झालं 'पोया'. आज तिथे पोया म्हणजे पौर्णिमेचा दिवस, दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी, मांस आणि दारूची दुकानं बंद. थायलंडमध्ये तिचं झालं 'उबोसोत', आणि तिथे तो दिवस राहिला नाही, इमारत झाली. विहारातल्या ज्या मुख्य वास्तूत भिक्खूंची दीक्षा होते ती उबोसोत. राहण्यावरून निघालेला शब्द अखेर भिंती आणि छपरात जाऊन बसला.

आपल्या प्राकृतातल्या पोसहाचं सासर मात्र गमतीचं. पुढे संस्कृतात टीका लिहिणाऱ्या आचार्यांच्या समोर 'पोसह' होता आणि त्याचं मूळ रूप उपवसथ हे कानाला ओळखू येत नव्हतं. त्यांनी त्याला नवा संस्कृत पोशाख दिला. श्वेतांबरांत झाला 'पौषध', दिगंबरांत 'प्रोषध'. आणि अर्थ सांगितला पोषणावरून: जो धर्माची पुष्टी करतो तो पौषध. तिबेटी भाषांतरकारांनीही पोषण आणि शुद्धी असे दोन तुकडे जोडून या शब्दाला प्रतिशब्द केला. भाषेच्या हिशोबाने मूळ 'वस्'कडे जातं, पण 'पुष्'चा अर्थ शेकडो वर्षं साधना करणाऱ्यांनी त्यात भरला आहे. एक जन्माचा अर्थ, दुसरा संस्काराचा. मला दोन्ही प्रिय आहेत. ज्या दिवशी पोटाला काही द्यायचं नाही त्या दिवसाला 'पोषण' म्हणावं, हे किती छान आहे!

श्रावकाच्या बारा व्रतांत अकरावं व्रत आहे पौषधोपवास. आता हा शब्द उलगडा: उपवसथाची लेक पौषध आणि तिच्या शेजारी सख्खी बहीण उपवास. एकाच आईच्या दोघी, एक प्राकृतातून फिरून आलेली आणि एक संस्कृतातच राहिलेली, परत एका शब्दात हातात हात घालून उभ्या.

पच्चक्खाणात उपवास हा शब्दच नाही

आपण उपवासाचं पच्चक्खाण घेतो तेव्हा नीट ऐका. त्यात शब्द येतो 'अब्भत्तट्ठ'. भत्त म्हणजे जेवण, आपला भात त्यातूनच आलेला. अभत्तट्ठ म्हणजे जेवणाचं प्रयोजन नाही. तिथे उपवास शब्द येत नाही. एक, दोन, तीन उपवासांची जुनी नावंही जेवणांच्या मोजणीची आहेत: चउत्थ, छठ्ठ, अठ्ठम. आदल्या दिवशी एक जेवण, उपवासाच्या दिवसाची दोन, दुसऱ्या दिवशी एक, अशी चार जेवणं सुटली की चउत्थभत्त. दोन दिवसांना सहा, तीन दिवसांना आठ. म्हणून अठ्ठम म्हणजे तीन उपवास आणि अठ्ठाई म्हणजे आठ. नव्या सुनांचा इथे हमखास गोंधळ होतो. दोन्हींत आठच आहे, पण एकात आठ जेवणं आणि दुसऱ्यात आठ दिवस. स्थानकवासी घरांत बेला-तेला म्हणतात, तिथे हिशोब सरळ दिवसांचा.

म्हणजे आपल्या शास्त्रकारांनी दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द ठेवले होते. न जेवण्याला अभत्तट्ठ, जवळ राहण्याला पोसह. पौषधाचे तर चार भाग सांगितले आहेत: आहाराचा त्याग, शरीराच्या सजावटीचा त्याग, ब्रह्मचर्य आणि व्यवहार-व्यापाराचा त्याग. आहार हा चारांतला एक. पोसहात बसलेली बाई फक्त जेवत नाही असं नाही. ती दागिना घालत नाही, हिशोब करत नाही, फोडणी देत नाही, फोन घेत नाही.

उवासगदसाओ या सातव्या अंगसूत्रात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांच्या कथा आहेत. त्यातल्या चुलणीपित्याची कथा इथे आठवते. तो पोसहशाळेत व्रतात बसलेला असताना एक देव त्याची परीक्षा घेतो. त्याच्यासमोर पक्वान्नं ठेवत नाही, मुलांना मारल्याचं भयंकर दृश्य दाखवतो. चुलणीपिता ढळत नाही. शेवटी देव म्हणतो, आता तुझ्या आईला मारतो. तेव्हा तो उठतो आणि त्याला धरायला धावतो, हातात येतो नुसता खांब. आरडाओरडा ऐकून आईच येते आणि सांगते, बाळा, तुझं व्रत मोडलं, प्रायश्चित्त घे. पाहा, त्याने अन्नाचा कण तोंडात घातलेला नाही. तो आपल्या जागेवरून, आपल्यापासून उठला, म्हणून व्रत मोडलं. पोसह हे जवळ राहण्याचं व्रत आहे हे याहून स्पष्ट कसं सांगणार?

पर्युषण शब्दही याच घरचा. परि आणि वस्, एका जागी सगळीकडून सावरून राहणं, प्राकृतात पज्जोसवणा. मूळ ते साधू-साध्वींच्या पावसाळ्यातल्या मुक्कामाशी बांधलेलं. व्याख्यानात 'उष्' म्हणजे जाळणं असा धातू घेऊन 'कर्मं जाळणारं पर्व' असाही अर्थ सांगतात. तोही ऐकायला गोड लागतो, पण जुनं रूप राहण्याचं आहे.

उपवास, रोजा आणि रोज

एका भाषेतला उपवास दुसऱ्या भाषेत सांगताना काय होतं याची आपल्या परंपरेत एक प्रसिद्ध कथा आहे. अकबराच्या राज्यात चंपा नावाच्या श्राविकेने सहा महिन्यांचं तप केलं. तिची मिरवणूक पाहून बादशहाने विचारलं, हे काय आहे? त्याला माहीत होता तो रोजा, दिवसा काही घ्यायचं नाही आणि सूर्य मावळला की सोडायचा. रात्रीही काही नाही, आणि असे सहा महिने, हे त्याला पटेना. त्याने तिला पहाऱ्यात ठेवून खात्री केली. तिने सांगितलं, हे देव-गुरूंच्या कृपेने. कोण गुरू, तर हीरविजयसूरी. परंपरा सांगते की एका श्राविकेच्या उपवासामुळे बादशहाला आचार्यांचं नाव कळलं. १५८३ मध्ये हीरविजयसूरी गुजरातेतून पायी चालत फतेहपूर सिक्रीला पोचले हा इतिहास आहे. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत त्या काळच्या पहिल्या श्रेणीच्या विद्वानांत त्यांचं नाव दिलं आहे, आणि पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याची फर्मानं निघाली. त्याच ऐन-ए-अकबरीत आपलं नंदुरबार माळवा सुभ्यातलं एक सरकार म्हणून नोंदलेलं आहे. सुरत-बऱ्हाणपूरच्या व्यापारी वाटेवरचं हे गाव. फारसी, गुजराती, मारवाडी, अहिराणी, भिली इथे एकाच बाजारात बोलल्या गेल्या त्याचं कारण ती वाट.

रोजा हा फारसी शब्द, 'रोज' म्हणजे दिवस यावरून. इस्लाममध्ये त्याला मूळ अरबी शब्द 'सौम' आहे, आवरून धरणं अशा अर्थाचा. फारसीने त्याला दिवसाचं नाव दिलं. आता हाच 'रोज' मराठीत काय झाला पाहा. रोज म्हणजे दररोज, आणि रोज म्हणजे दिवसाची मजुरी. "आज रोजाने गेली होती," असं आपण म्हणतो. रोजंदारी, रोजगार, रोजी-रोटी सगळे त्याचेच. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात जी कामं निघाली आणि १९७७ मध्ये ज्याचा कायदा झाला त्या रोजगार हमीतही हाच रोज. एकाच शब्दाच्या एका टोकाला रोजा म्हणजे स्वतःहून धरलेली भूक, दुसऱ्या टोकाला रोज म्हणजे भूक टाळणारी मजुरी. भाजीबाजारातल्या मावशीचा रोज बुडाला की ती उपाशी, तिला रोजा-उपवास कशालाच निवडावं लागत नाही.

मंडपातलं उपोषण

कलेक्टर कचेरीच्या बाजूला 'बेमुदत उपोषण' असा फलक लावलेला मंडप आपण सगळ्यांनी पाहिला आहे. उपोषणही उप आणि वस्, आपल्या उपवासाचंच भावंड. मराठीत देवासाठी केला तर उपवास, सरकारसाठी केला तर उपोषण, अशी वाटणी झाली. हिंदीत याच मंडपाला 'अनशन' म्हणतात. ५ एप्रिल २०११ ला अण्णा हजारे दिल्लीत जंतरमंतरवर बसले तेव्हा हिंदी वाहिन्यांवर अनशन होतं आणि मराठी वर्तमानपत्रांत उपोषण. आपल्या शास्त्रात अनशन हे सहा बाह्य तपांतलं पहिलं, न खाणं. मागणीशी त्याचा काही संबंध नाही. गुजराती बोलणाऱ्या गांधीजींनी मात्र आपल्या राजकीय उपवासांनाही उपवासच म्हटलं. २० सप्टेंबर १९३२ ला येरवड्याच्या तुरुंगात सुरू झालेला त्यांचा उपवास पुणे करारानंतर सुटला.

आपल्या जिल्ह्याला उपोषणाचा अर्थ नर्मदेकाठी कळला. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची जी ३३ गावं आली ती अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली, आपल्याच जिल्ह्याची. जानेवारी १९९१ मध्ये गुजरात-मध्य प्रदेशाच्या सीमेवर फेरकुव्याला मेधा पाटकर आणि सोबत्यांनी तीन आठवडे उपोषण केलं. मागे विस्थापितांसाठी तळोदा-शहादा भागात वसाहती झाल्या. पाट्यांवर लिहिलेलं 'पुनर्वसन' आणि मंडपातलं 'उपोषण', दोन्ही 'वस्'चेच. एकीकडे आपल्या जागी राहू द्या म्हणून केलेलं जवळ राहणं, दुसरीकडे दूर नेऊन पुन्हा वसवणं. शब्दांना हे माहीत नसतं, पण माणसांनी ते भोगलं आहे.

उपवास सोडणं म्हणजे पारणं. पार पाडणं, पलीकडे जाणं असा त्याचा अर्थ. मराठीत "डोळ्यांचं पारणं फिटलं" म्हणतो तेव्हा उपाशी डोळे असतात. गुजरातीत 'पारणुं' म्हणजे उपवास सोडणं आणि पारणुं म्हणजे बाळाचा पाळणाही. मंदिरमार्गी घरांत पर्युषणात भगवंतांच्या जन्मवाचनानंतर जे पारणुं घरी नेतात तो पाळणा, आणि संवत्सरीनंतर तपस्वी करतात ते पारणं वेगळं. दोन वेगळे शब्द गुजरातीत एका आवाजावर येऊन भेटले. आपल्या सीमेवरच्या घरांत मुलं यावरून नेहमी हसतात.

उपाशी आणि पालनी

आता राहिला मराठीतला सगळ्यात अवघड शब्द: उपाशी. उपवासी म्हणजे व्रत धरलेला, बोलीत त्याचा झाला उपाशी. त्याला 'मार' जोडला आणि झाली उपासमार. ज्या शब्दात देव जवळ येत होते त्यात आता कुणीच जवळ नाही. आपला जिल्हा कुपोषणाच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतो. लोकसंख्येतले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी, आणि दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. पच्चक्खाण घेतलेला उपवास आणि न घेतलेली उपासमार यांना मराठीने एकच शब्द देऊन ठेवला आहे. फरक फक्त निवडीचा. आपण पारण्याला काय करायचं ते आदल्या रात्री ठरवून झोपतो, उपाशी माणसाला पारण्याचा दिवस माहीत नसतो.

पण सातपुड्यातल्या माणसांना फक्त उपाशी म्हणून पाहणंही अन्यायाचं होईल. त्यांचीही व्रतं आहेत. काठीच्या राजवाडी होळीला मोरपिसांचे टोप आणि कमरेला भोपळे-घुंगरू बांधून नाचणारे बुध्या आणि बावा आपण पाहतो. नाचण्याआधी काही दिवस ते 'पालनी' करतात: खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, आंघोळ नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. आपल्या पौषधाचे चार भाग समोर ठेवा आणि ही पालनी पाहा. शरीराची सजावट नाही, ब्रह्मचर्य, रोजचे व्यवहार बाजूला. शब्द वेगळा, भाषा वेगळी, देव वेगळा, आणि तरी व्रताचा सांगाडा ओळखीचा. उपवास शब्द एकच असून तऱ्हा अनेक झाल्या, इथे शब्द वेगळा असून तऱ्हा जवळची.

अकराव्या व्रतानंतर बारावं

बारा व्रतांचा क्रम मला नेहमी विचार करायला लावतो. अकरावं पौषधोपवास, आणि लगेच बारावं अतिथिसंविभाग, आपल्या अन्नातला भाग देणं. शास्त्राच्या अर्थाने तो अतिथी म्हणजे साधू-साध्वी. भुकेल्या कुणालाही द्यायचं ते अनुकंपादान, ते वेगळं सांगितलं आहे, आणि त्याला मनाई कुठेच नाही. पण क्रम पाहा: आधी स्वतः न खाण्याचा दिवस, मग देण्याचा. शतपथातला यजमानही पाहुण्यांनी आधी जेवावं म्हणून थांबला होता. उपवासाच्या मुळाशी दुसऱ्याचं ताट आहे.

म्हणून ज्या बहिणींना यंदा डॉक्टरांनी मनाई केली आहे त्यांच्यासाठी हे सगळं लिहिलं. अभत्तट्ठ तुमच्याकडून झालं नाही, ते खरं. तेवढाच भाग झाला नाही. सहा बाह्य तपांत अनशनाच्या पुढचंच ऊनोदरी आहे, दोन घास कमी. डॉक्टरांना विचारून तेवढं जमलं तर तेही तप. पौषधाच्या चार भागांतले उरलेले तीन साखरेच्या गोळीने मोडत नाहीत. एक दिवस दागिना उतरवून, फोन बाजूला ठेवून, घड्याळाकडे न बघता सामायिकात बसलात तर जवळ राहणं झालं. आणि अठ्ठाई करणाऱ्या बहिणीला आपण "शाता आहे ना?" असं विचारतो, ते भाजीबाजारातल्या मावशीलाही विचारलं, आणि विचारून थांबलो नाही, तर बाराव्या व्रताची वाट तिथूनच सुरू होते.